पाय गार पडला तर सकाळची वाट पाहू नका



कोरोनाच्या साथीबद्दल आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आणि पुष्कळ सोसले. खोकला, ताप, दम, प्राणवायूची टाकी हे शब्द त्या दोन वर्षांत पोराटोरांच्या तोंडी झाले. पण त्या साथीने छातीइतकाच आणखी एका ठिकाणी घाला घातला होता आणि त्याची चर्चा गावात फारशी झाली नाही. तो घाला होता अंगातल्या रक्ताच्या नळ्यांवर. कित्येकांचे पाय त्यात गेले, कित्येकांचे प्राण गेले.

आता कोणी म्हणेल, साथ तर सरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे सांगितले. मग आता हे उकरून काढण्यात काय अर्थ? अर्थ असा की, त्या काळात डॉक्टरांना जे दिसले ते ज्या घरात साखरेचा आजार आहे, विडी-तंबाखू आहे किंवा हृदयाचे दुखणे आहे, अशा प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. आणि असे घर नाही असे गाव आज सापडणार नाही.

पाट बंद पडला की पीक वाळते

आपल्या मळ्यात विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यावाफ्याला जाते. मध्येच पाटात काडीकचरा अडकून बोळा झाला, तर वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि खालचे वाफे कोरडे पडतात. शरीराचेही तसेच आहे. हृदयातून निघालेले ताजे रक्त ज्या नळ्यांतून हातापायांकडे जाते त्यांना रोहिणी म्हणतात. वापरलेले रक्त ज्यांतून परत येते त्या नीला.

रोहिणीत गुठळी अडकली की तिच्या खालचा भाग एकदम उपाशी पडतो. पाय पांढरा पडतो, गार लागतो, भयंकर दुखतो. नीलेत गुठळी झाली तर चित्र वेगळे दिसते. रक्त जाते, पण परत येत नाही, म्हणून पाय सुजतो, जड होतो, गरम लागतो. ती गुठळी सुटून छातीत गेली तर जिवावर बेतते. दोन्ही दुखणी डॉक्टरकडे तातडीने नेण्याचीच आहेत. पण पहिल्यात पायाला मिळणारा वेळ फारच थोडा असतो. पायाचे स्नायू आणि शिरा रक्तावाचून साधारण सहा तास तग धरतात. जुन्या दुखण्यामुळे आजूबाजूच्या बारीक नळ्या आधीच रुंदावलेल्या असतील तर थोडा अधिक वेळ मिळतो. पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

लोंबार्डीत काय घडले

इटली देशाच्या उत्तरेस पो नदीच्या खोऱ्यात लोंबार्डी नावाचा प्रांत आहे. मका, भात आणि दुधाचा धंदा यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध. तिथल्या गोठ्यांवर आपल्या पंजाबातून गेलेली पुष्कळ माणसे काम करतात. २१ फेब्रुवारी २०२० रोजी याच प्रांतातल्या कोदोन्यो या लहानशा गावात कोरोनाचा रुग्ण उघडकीस आला आणि पाहता पाहता सारा प्रांत साथीच्या कचाट्यात सापडला.

त्याच प्रांतात ब्रेशिया हे शहर आहे. तिथल्या पोलिअंबुलांझा रुग्णालयातील रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. एकाएकी पाय गार पडलेले रुग्ण वाढू लागले. २०१९ सालच्या पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्या विभागात आलेल्या शंभर रुग्णांत असे जेमतेम दोन असत. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत शंभरात सोळा झाले. त्यांतल्या कोरोनाची लागण झालेल्या २० रुग्णांची हकीकत या डॉक्टरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. वीसपैकी अठरा पुरुष होते आणि सरासरी वय ७५ होते. सतरा जणांवर ऑपरेशन केले, त्यांपैकी बाराजणांच्याच पायाचे रक्त नीट सुरू झाले. आणि वीसपैकी आठजण रुग्णालयातच दगावले.

अनुभवी डॉक्टर, चांगले रुग्णालय, आणि तरी असे का व्हावे? याचे उत्तर समजण्यासाठी हे ऑपरेशन कसे करतात ते आधी पाहू.

फुग्याची नळी

पूर्वी पायात अडकलेली गुठळी काढायची म्हणजे मोठी चिरफाड होती आणि तरीही पुष्कळदा पाय जात असे. अमेरिकेतील थॉमस फोगार्टी नावाच्या तरुणाने शिकाऊ असतानाच यावर तोड काढली. रबरी हातमोज्याच्या बोटाचे टोक कापून त्याने ते एका बारीक नळीच्या टोकाला बांधले. रबर नळीला घट्ट बसेना, तेव्हा लहानपणी मासे धरण्यासाठी गळाला कृत्रिम माशी बांधायची जी गाठ तो शिकला होता, तीच इथे कामी आली. १९६३ साली या नळीची माहिती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

जांघेत लहानशी चीर देऊन ही नळी रोहिणीत घालतात आणि गुठळीच्या पलीकडे नेतात. मग टोकाचा फुगा फुगवून नळी हलकेच मागे ओढतात. तुंबलेल्या पाइपातून चिंधी ओढून काढावी तशी गुठळी बाहेर येते. वेळेवर आलेल्या रुग्णाचा पाय टेबलावरच गुलाबी होताना दिसतो.

कोरोनाच्या रुग्णात मात्र पाइप साफ केला तरी तो पुन्हा भरत होता. कारण दोष केवळ पाइपात नव्हता. रक्ताच्या नळीला आतून एक अतिशय पातळ अस्तर असते. ते गुळगुळीत आहे तोवर रक्त न गोठता वाहते. एप्रिल २०२० मध्ये झुरिक येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की, हा विषाणू त्या अस्तरापर्यंत पोचतो आणि तिथे दाह होतो. अस्तर खडबडीत झाले आणि त्यात आजाराच्या तापाने रक्तही गोठण्याकडे झुकले. नेदरलँडमधील तीन रुग्णालयांनी अतिदक्षता विभागातले १८४ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला कुठे ना कुठे गुठळ्या झालेल्या आढळल्या. बहुतेक गुठळ्या फुप्फुसात होत्या.

म्हणून ब्रेशियाच्या डॉक्टरांनी असे सुचवले की गुठळी काढून थांबू नये, रक्त न गोठू देणारे हेपारिन हे औषध ऑपरेशननंतरही शिरेतून चालू ठेवावे. ज्यांना ते सतत दिले त्यांच्यात जगण्याचे प्रमाण चांगले दिसले. वीस रुग्णांवरून कायमचा नियम ठरत नाही हे खरे, पण पुढे जगभर कोरोनाच्या इस्पितळात दाखल रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे औषध देण्याची वहिवाट पडली ती अशाच अनुभवांतून.

आकडे काय सांगतात

त्या काळात ऑपरेशन झालेल्या सर्वच रुग्णांचे काय झाले, याची मोजदाद डॉक्टरांनी देशोदेशी केली. पहिली मोठी मोजणी मे २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २४ देशांतील २३५ रुग्णालयांतून ११२८ रुग्णांची माहिती तीत होती. हे सर्व रुग्ण ऑपरेशनच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेले होते आणि त्यांची ऑपरेशने सर्व प्रकारची होती. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिकांना फुप्फुसाचा उपद्रव झाला आणि महिन्याच्या आत शंभरातले सुमारे चोवीस दगावले.

दुसरी मोजणी खास रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांची. १९ देशांतील ५७ केंद्रांत साथीच्या सुरुवातीच्या काळात झालेली ११०३ ऑपरेशने तीत धरली होती. यात कोरोना झालेले आणि न झालेले असे दोन्ही रुग्ण होते. शंभरातले अकरा रुग्णालयातच मरण पावले. पोटातल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिणीच्या ऑपरेशनांत हे प्रमाण शंभरात पंधरा होते, पाय कापाव्या लागलेल्यांत बारा आणि पायाचे रक्त पुन्हा चालू करण्याच्या ऑपरेशनांत सुमारे दहा.

आता हे आकडे ऐकून कोणी म्हणेल, "बघा, ऑपरेशन केले की माणूस मरतो." असा अर्थ काढणे ही मोठी चूक होईल. साथीमुळे सवडीची ऑपरेशने सगळीकडे पुढे ढकलली होती. सर्वाधिक गोंधळाच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे दोन कोटी चौऱ्याऐंशी लाख ऑपरेशने रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज तेव्हा बांधला गेला होता. म्हणजे टेबलावर आले ते ज्यांना थांबणे शक्यच नव्हते तेच. मोडकळीस आलेलीच बैलगाडी सुताराकडे गेली, तर सुताराच्या हातून गाड्या मोडतात असे आपण म्हणत नाही. विषाणू अंगात असणे, फुप्फुस आधीच खराब असणे आणि उशीर होणे, ही मरणाची कारणे होती. त्यातले उशीर हे कारण तेवढे आपल्या हातातले आहे.

जे आलेच नाहीत त्यांचे काय

इथे मला आपले विशेष लक्ष हवे आहे. विषाणूने ज्यांना स्पर्शही केला नाही अशा माणसांचेही पाय त्या काळात गेले.

इटलीतच दक्षिणेस नेपल्स नावाचे शहर आहे. तिथे मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर उपचार करणारे केंद्र आहे. २०२० च्या वसंतातल्या टाळेबंदीत तिथे दाखल झालेल्या रुग्णांची तुलना डॉक्टरांनी आदल्या वर्षाच्या रुग्णांशी केली. पायाचा काही भाग कापावा लागण्याचा धोका तिपटीहून अधिक झालेला दिसला. लोक दवाखान्यात जायला भ्याले होते. बाह्यरुग्ण विभाग बंद होते. वाहन नव्हते. जखम होती तशीच राहिली, चिघळली, काळी पडली, आणि मग माणूस दारात आला.

ही भीती काही वेडगळ नव्हती. दवाखान्यात गेलो तर रोग घेऊन येऊ, ही शंका त्या दिवसांत कोणालाही आली असती. आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली, तेव्हा एस. टी. बंद, रस्त्यावर पोलीस आणि तालुक्याला जायचे तर पास, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे त्या वेळी ज्यांच्या घरी उशीर झाला त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण आता रस्ते उघडे आहेत, गाड्या चालू आहेत, आणि तरीही पाय गार पडलेला माणूस दुसऱ्या दिवशीच दवाखान्यात पोचतो, ही गोष्ट मात्र खरोखर दुःखाची आहे. कधी रात्र आडवी येते, कधी पैसा, कधी घरातल्या कर्त्याला विचारल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि कधी "लचक भरली असेल, चोळून पाहू" यात तास निघून जातात.

ओळखायचे कसे

पुढील खुणा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, विशेषतः सुनांना आणि शाळकरी मुलांना ठाऊक असाव्यात, कारण म्हाताऱ्या माणसाजवळ पुष्कळदा तीच असतात.

एकाएकी पाय किंवा हात जोराने दुखू लागतो. तो दुसऱ्या पायापेक्षा फिकट दिसतो. हात लावला तर गार लागतो. मुंग्या येतात, मग बधिर होतो. बोटे हलवता येत नाहीशी होतात. पावलाच्या वरच्या बाजूस किंवा घोट्याच्या आतल्या अंगास लागणारी नाडी लागत नाही. दोन्ही पाय शेजारी ठेवून हाताच्या पाठीने स्पर्श करा, फरक कळतो. बोटे हलेनाशी झाली म्हणजे फार थोडा वेळ उरला असे समजावे. दुखणे आपोआप थांबले आणि पाय बधिर झाला, तर बरे वाटले असे मुळीच मानू नये. तो पाय मरत चालल्याची ती खूण असते.

असे झाले तर चोळू नये. शेक देऊ नये, गरम पाण्यात पाय बुडवू नये, बिब्बा लावू नये, डाग देऊ नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि रक्तावाचून असलेली कातडी लगेच भाजते. पाय उशीवर उंच ठेवू नये, सरळ किंवा किंचित खाली ठेवून स्वच्छ कापडात सैल गुंडाळावा. ऑपरेशन लागण्याचा संभव असतो, म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत जेवण देऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे. रुग्णाच्या चालू गोळ्या आणि जुने कागद सोबत घ्यावेत. पहिल्या डॉक्टरला स्पष्ट सांगावे की, पाय अमुक वाजता गार पडला. हेपारिनचे इंजेक्शन पुढे पाठवण्यापूर्वीच देता येते का, आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन कुठे आहेत, हे तिथेच विचारावे. तीन दवाखाने फिरण्यापेक्षा एक फोन आधी केलेला बरा.

हा धोका कोणाला अधिक

ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांना. लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेल्याने ज्यांच्या हृदयाची झडप बिघडली आहे त्यांना. आपल्याकडे अशा तरुण बायाही पुष्कळ आहेत. मधुमेह असणाऱ्यांना. आणि विडी, सिगारेट, तंबाखूच्या नादी लागलेल्यांना. चार शेते चालून गेले की पोटरीत गोळा येतो आणि थांबले की जातो, हे वयाचे दुखणे समजून सोडू नका. पाटात गाळ साचत असल्याची ती वर्दी आहे. विडी सोडणे हा त्यावरचा पहिला आणि बिनपैशाचा उपाय.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना लिहून दिल्या आहेत त्यांनी त्या मनाने बंद करू नयेत. आणि ज्यांना दिलेल्या नाहीत त्यांनी शेजाऱ्याचे पाहून घेऊ नयेत.

पाय की प्राण

कधी कधी डॉक्टर सांगतात, पाय वाचणार नाही, कापावा लागेल. घरावर वीज पडल्यासारखे होते. "मुंबईला नेऊ, वैद्याला दाखवू, दोन दिवस पाहू," असे सुरू होते. पण मेलेला पाय नुसता पडून राहत नाही. त्यातले विष रक्तात उतरते, मूत्रपिंडे थकतात, हृदय थांबू शकते. दुसऱ्या डॉक्टरचे मत अवश्य घ्या, तो आपला हक्क आहे, पण ते त्याच दिवशी घ्या.

पाय गेला म्हणजे माणूस निकामी झाला, असेही नाही. जयपूर येथे रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास जो कृत्रिम पाय तयार केला, तो आपल्यासारख्या माणसांसाठीच होता. तो लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, शेतात काम करता येते. डॉ. सेठींना त्याबद्दल १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक वेगळी सूचना

घाई करा असे वर सांगितले ते तातडीच्या दुखण्याबद्दल. हर्निया, मोतीबिंदू, फुगलेल्या नीला अशी सवडीची ऑपरेशने असतात, त्यांची गोष्ट निराळी. ११६ देशांतील एक लाख चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची मोठी पाहणी मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. कोरोना झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे चार होते. सात आठवडे थांबलेल्यांत ते इतरांइतकेच, म्हणजे शंभरात दीड झाले. ही माहिती लस येण्यापूर्वीच्या, ऑक्टोबर २०२० च्या काळातली आहे. आज डॉक्टर रुग्णाची प्रकृती, आजाराचा जोर आणि लस पाहून मुदत ठरवतात. आपण एवढेच करायचे की, नुकताच कोरोना किंवा छातीचा कसलाही आजार होऊन गेला असेल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून लपवून ठेवायचे नाही. तारीख पुढे जाईल म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. ते गप्प बसणे महागात पडते.

मात्र पाय गार पडला असेल तर सात आठवडे नाहीत आणि सात तासही नाहीत. तिथे कोरोना असो वा नसो, निघायचेच.

आज संध्याकाळी दिवेलागणीला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावून पाहा. दोन्ही पाय सारखे ऊबदार आहेत ना, बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना, तळव्याला काटा रुतलेला नाही ना. नमस्काराला वाकतोच आपण, तेव्हाच हेही पाहून घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी पायांची रोजची निगा कशी राखावी, चप्पल कशी निवडावी आणि कुरूप ब्लेडने का कापू नये, हे पुढील अंकी पाहू.